आबांची जीभ

उतारावरच्या सोळा घरांत आबांना तोंडावर आबा म्हणत आणि पाठीमागे ‘जीभ’. दारात येऊन "जीभ घरी आहे का?" असं विचारायलाही लोक कचरत नसत, आणि आतून सून उत्तर देई, "आहे, पण सध्या ओरडतेय. नंतर या."

नाव पडलं होतं ते कारणानं. त्या थंड, उंच भागात घरटी मधमाश्यांच्या पेट्या होत्या. मध तापवायचा नाही, पोळ्यातून निघेल तसा कच्चाच विकायचा, हा तिथला धंदा. वर्षातून एकदा मध विकत घेणाऱ्या संघाची गाडी येई. त्या दिवशी प्रत्येक जण आपलं पिंप आबांच्या मध काढायच्या खोलीत आणून ठेवी. आबा स्टुलावर बसत, पिंपात लाकडी काडी बुडवत, ती जिभेवर टेकवत आणि डोळे मिटत. लोक त्या मिटल्या डोळ्यांकडे निकालाच्या कागदाकडे बघावं तसे बघत राहत. मग आबा म्हणत, "वर्तुळ," नाहीतर "फुली." सून तसं खडूनं पिंपावर काढी. वर्तुळवाला मध बाटल्यांत भरला जाई. फुलीवाला सरसकट एका मोठ्या पिंपात ओतला जाई, तापवला जाई आणि कुठल्यातरी बेकरीत पावाला लागे. भावात निम्म्याहून जास्त फरक. ज्या घरावर फुली बसे, त्या घराचं गळकं छप्पर आणखी एक वर्ष गळे.

तरीही एकतीस वर्षांत आबांच्या फुलीवर कुणी वाद घातला नव्हता. कारण आबा पहिली काडी नेहमी स्वतःच्या पिंपात बुडवत, आणि दोन वर्षी त्यांनी स्वतःच्याच मधावर सर्वांदेखत फुली मारली होती. त्या दोन फुल्यांच्या भांडवलावर उरलेली एकोणतीस वर्षं चालली, असं सून मनातल्या मनात म्हणे. सून तशी हिशेबी होती. नवरा दूरच्या बंदरात क्रेनवर कामाला, वर्षातून दोनदा घरी. घरात ती आणि सासरे. दोघांच्या बोलण्यात नऊ वर्षं मिठाचा विषय कधी संपला नव्हता. पेजेत मीठ जास्त, बटाट्यात मीठ कमी, परवाचं बरोबर होतं पण आज नाही. "तुमची जीभ सोन्याची," ती म्हणे, "पण तिला जेवायला घालणारीचे हाल."

या वर्षी थंडी संपता संपता आबा आजारी पडले. ताप छातीत उतरला. तीन आठवडे ते खाटेवरून उठले नाहीत. खोकला आला की खाटेचे पायसुद्धा खोकत.

नेमकं तेव्हाच आभाळ खाली बसलं. झाडं कळ्यांनी भरली होती, दोन दिवस ऊन पडलं असतं तर उतार फुलून गेला असता. त्या बेतानं आबांनी आजारी पडायच्या आदल्याच दिवशी बाराही पेट्यांवर रिकामे मधकप्पे चढवले होते. खाली माश्यांचं घर, वर मधाचं कोठार. आता कोठार रिकामं आणि घरातलंही संपत आलेलं. बारीक थंड पाऊस थांबेना. माश्या दाराशी येत, मिशा हलवून अंदाज घेत आणि परत आत जात.

सहाव्या दिवशी सून डोक्यावर पोतं घेऊन पेट्यांकडे गेली. पेटी मागून दोन बोटांनी उचलून वजन घ्यायचं, हे आबांनी तिला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. पहिली पेटी रिकामं खोकं उचलावं तशी उचलली गेली. दुसरीही तशीच. तिसऱ्या पेटीला तिनं कान लावला. आतून गुणगुण येईना. कुणीतरी वाळली पानं चुरगळतंय असा आवाज येत होता. दाराच्या फळीवर वीसेक मेल्या माश्या पडल्या होत्या. तिनं एक तळहातावर घेतली. पोट आत गेलेलं, सोंड बाहेर.

माश्यांना जगवायचं तर साखरेचा पाक द्यायचा, हे तिला माहीत होतं. पण मधकप्पा वर असताना पेटीत साखरेचा थेंब घालायचा नाही, हा आबांचा नियम होता. आधी कप्पे उतरवायचे. आणि थंड पावसात पेटी उघडायची नाही, आतली पिल्लं गारठून मरतात, हाही आबांचाच नियम. कप्पे तर डिंकानं असे चिकटलेले की हत्यार घालून उचकटल्याशिवाय सुटणार नव्हते. दोन नियम समोरासमोर उभे राहिले, आणि ज्यांचे ते नियम ते तापात बडबडत होते.

तरी तिनं विचारलं. खाटेजवळ वाकून म्हणाली, "आबा, पेट्या हलक्या लागतायत."

"मीठ कमी टाक," आबा डोळे न उघडता म्हणाले.

ती दुकानातून साखरेचं पोतं घेऊन आली. अर्ध्या वाटेपर्यंत दुकानदाराची हातगाडी, पुढे चढावर स्वतःची पाठ. चुलीवर पाक उकळला. पत्र्याच्या चपट्या तबकड्या दारांतून आत सरकवल्या. पेटी उघडायला नको, कप्पा उतरवायला नको. रोज सकाळी बारा तबकड्या, अकरा दिवस. जगण्यापुरतंच देतेय, ती स्वतःला सांगे, वर नेऊन साठवण्याइतकं उरणारच नाही. बोटं पाकानं चिकट, थंडीनं भेगाळलेली. भेगांत साखर गेली की डोळ्यांतून पाणी येई.

पण माशीला उद्याची काळजी असते. पोट भरून उरलं तेवढं त्यांनी वर नेलं.

पाक द्यायला लागल्यापासून बाराव्या दिवशी ऊन पडलं आणि उतार एकदम फुलला. खरा मध वर येऊ लागला आणि आधीच्या पाकात मिसळला. बारा पेट्यांतली एकही मेली नाही. उतारावर बाकी घरांत मात्र रडारड. खालच्या वाडीतला ‘घाई’, ज्याचं नाव दर वर्षी मध पिकायच्या आधीच काढतो म्हणून पडलं होतं, त्याच्या चार पेट्या गेल्या. शेजारच्या मावशीच्या नऊपैकी सहा. मावशी एकटी राहत होती, विधवा, कमी बोलणारी. मेलेल्या माश्या तिनं सुपात भरून झाडाखाली पुरल्या आणि उरलेल्या तीन पेट्या उन्हाच्या बाजूला सरकवल्या.

आबा उठले ते अर्धे होऊन. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर. पण स्वभाव सुधारलेला. सुनेनं पेज दिली, मुकाट्यानं प्याले. बटाटे दिले, मुकाट्यानं खाल्ले. आठ दिवस मिठाचं नाव नाही. सून मावशीला कुंपणावरून म्हणाली, "आजारानं माणूस गुणी झाला हो. थोडा आधी आला असता तर माझी नऊ वर्षं वाचली असती."

मावशी म्हणाली, "गप खातायत? बघ बाई, औषध चालू ठेव."

दोघी हसल्या.

मध काढायच्या दिवशी आबांनी यंत्राचा दांडा स्वतः फिरवायचा हट्ट धरला, चार फेऱ्यांत धापा टाकायला लागले आणि भिंतीला टेकून बसले. दांडा सुनेनं फिरवला. मध नळातून जाड धारेनं खाली आला, चमकदार, बघत राहावा असा. तिनं बोट लावलं. आधी गोड लागला. मग पुढे काहीतरी यायला हवं होतं, फुलाचं, सालीचं, उन्हाचं, काही. आलंच नाही. ओला कागद चघळल्यासारखं तोंड रिकामं राहिलं.

"आण इकडे," आबा म्हणाले.

तिनं काडी दिली. आता बोलणार, आता फेकून मारणार, म्हणून ती बोलायची तयारी करून उभी राहिली. माफी मागायचं वाक्यही जुळवलं होतं. आबांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

"दहा वर्षांत असा उतरला नव्हता," ते म्हणाले.

ती स्वयंपाकघरात गेली. पाकाच्या पातेल्यात तळाशी लागून तांबूस झालेला चार चमचे पाक अजून होता. हिशेब पक्का करायचा म्हणून तिनं तो चमच्यात घेतला आणि बाहेर येऊन म्हणाली, "आबा, हा कोपऱ्यातल्या पेटीचा. वेगळा काढलाय."

आबांनी चमचा तोंडात घातला, जीभ टाळूला लावली, मान हलवली. "हा ओढ्याकडचा. जरा कोवळा आहे."

सून बाहेर पेट्यांपाशी जाऊन उभी राहिली. मिठाचं कोडं उलगडलं होतं, आणि उलगडलं नसतं तर बरं झालं असतं. साखरेबद्दल सांगायचं म्हणजे आता एकच गोष्ट सांगायची नव्हती. साखर घातली हे कळलं तर ती आपल्याला ओळखता आली नाही हेही आबांना कळणार. आणि जीभ गेली तर या माणसाचं उरतं काय? एक खोकला आणि एक स्टूल.

गाडी यायला चार दिवस होते. तिनं चार दिवस विचार केला आणि बेत ठरवला. आबा आपल्या पिंपाला वर्तुळ सांगतील. ती वर्तुळ काढेल. पिंपं गाडीत चढताना ओल्या फडक्यानं ते पुसेल आणि फुली मारेल. गाडीवाला चढवताना फक्त खूण बघतो. साखरेचा मध बाटलीत जाणार नाही, बेकरीत जाईल. पैसे कमी आले की आबांना म्हणायचं, यंदा भावच पडला. कुणाचं नुकसान नाही, कुणाची लाज जाणार नाही. मनात दोन्ही बाजू जुळवून पाहिल्या, जुळल्या. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी.

गाडी आली त्या दिवशी आबांनी धुतलेला शर्ट घातला, दाढी केली, हनुवटीवर दोन ठिकाणी कापून घेतलं. खोली भरली. दहा-बारा माणसं भिंतीला टेकून, मधोमध पिंपं. संघाचा गाडीवाला पावतीपुस्तक घेऊन दारात.

"बघा आबा, जीभ जपून वापरा," तो म्हणाला. "गंजली असेल."

"तुझ्या गाडीपेक्षा बरी आहे," आबा म्हणाले. माणसं हसली.

आबांनी आपल्या पिंपात काडी बुडवली. "वर्तुळ." सुनेनं वर्तुळ काढलं. वर्तुळ चपटं आलं.

मग घाई पुढे आला. आबांनी काडी हातात घेतली, पण लगेच बुडवली नाही. "कधी काढलास?"

"मागच्या आठवड्यात."

"मेणाची झाकणं धरली होती का पोळ्यानं?"

"बहुतेक धरली होती."

आबांनी पिंपात वाकून पाहिलं. कडेला बारीक फेस होता. मग काडी जिभेला लावली आणि लगेच म्हणाले, "बहुतेक नाही. फुली."

"एक वर्ष तरी चुका की हो," घाई म्हणाला, आणि खोलीभर हशा उसळला. गाडीवाल्यानं मान डोलावली. सून मात्र हसली नाही. पूर्वी आबा आधी चाखत आणि मग विचारत. आता आधी विचारत होते. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. डोळ्यांनी, कानांनी, माणसांच्या चेहऱ्यांवरून ते जिभेचं काम भागवत होते, आणि भागतही होतं. तिसरं पिंप, चौथं. सगळे निकाल तिच्या मते बरोबर. तिला आत कुठेतरी अभिमानही वाटला. एवढ्या वर्षांचं शहाणपण होतं, एका तापानं सगळं थोडंच जाणार.

पाचवं पिंप मावशीचं. पिंप कसलं, डबाच. तीन पेट्यांचा मध तो केवढा असणार. मावशीनं पदरानं झाकण पुसलं आणि उघडलं. मध काळपट होता, कढवलेल्या गुळाच्या रंगाचा.

आबांनी पाहिलं. "चुलीजवळ ठेवला होता का, वहिनी?"

"नाही."

"यंदा गारठा होता. पातळ होईना म्हणून शेक दिला असेल थोडा. देतात लोक."

"मी नाही दिला," मावशी म्हणाली.

आबांनी काडी जिभेवर ठेवली. डोळे मिटले. सुनेला त्यांच्या मानेवरची शीर उडताना दिसली.

"जळलाय," आबा म्हणाले. "फुली."

मावशीनं वाद घातला नाही. फक्त झाकण उचललं आणि ते डब्यावर बसवायला लागली. ते वाकडं बसत होतं आणि ती पुन्हा पुन्हा काढून बसवत होती.

सुनेच्या हातात खडू होता. तिनं झाकण मावशीच्या हातातून काढून घेतलं आणि डब्यात बोट घातलं. गोड, मग पुढे ओल्या सालीचा कडवटपणा, आणि शेवटी काहीतरी गार, पहाटे पानांना तोंड लावावं तसं. चार दिवसांत जुळवलेला तिचा सगळा हिशेब त्या एका बोटानं विस्कटला.

"आबा, हा चांगला आहे," ती म्हणाली.

"ताई, खडू मारा," गाडीवाला म्हणाला. "मला अजून दोन उतार करायचेत."

"हा जळलेला नाही. याचा रंगच असा आहे."

"सुनेला जीभ कधी फुटली?" मागून कुणीतरी म्हणालं. घाई म्हणाला, "मग माझाही परत चाखा ताई, तुमचा हात सैल दिसतोय." थोडा हशा झाला.

आबा तिच्याकडे बघत होते. रागानं नाही. खोकल्याची उबळ येण्याआधी माणूस जसा थांबतो तसे. गप्प बस, असं ते डोळ्यांनी म्हणत होते, आणि हात जोडून म्हणत होते.

"मला आबांचा शब्द पुरे," गाडीवाला म्हणाला. "एकतीस वर्षं पुरलाय. तुमच्याकडे काही पुरावा असेल तर बोला."

पुरावा होता. खोलीत पहिल्या नंबरावर, चपट्या वर्तुळाचा.

सून आपल्या पिंपापाशी गेली, तळहातानं वर्तुळ पुसलं आणि फुली काढली. "यात साखर आहे," ती म्हणाली. "पावसात माश्या मरत होत्या, म्हणून मी पाक घातला. कप्पे वर असतानाच घातला. अकरा दिवस. आबांना माहीत नव्हतं."

मग एकेकाच्या डोक्यात पुढचं आपोआप मांडलं जाऊ लागलं आणि एकेक मान आबांकडे वळली. गाडीवाल्यानं विचारायला नको होतं, पण त्याचा धंदाच विचारायचा.

"आबा, हे पिंप तुम्ही आत्ता चाखलंत ना?"

आबांच्या हातात काडी तशीच होती. तिच्या टोकावरून मावशीचा मध धोतरावर गळत होता. घाईनं जमिनीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो कसल्या घाईत दिसला नाही.

"वहिनींच्या डब्यावर वर्तुळ काढ," आबा सुनेला म्हणाले. आवाज साधा होता, उन्हात वाळत घातलेल्या कपड्यासारखा. मग काडी त्यांनी स्टुलाच्या कडेला ठेवली आणि उठले. उठताना कुणी सावरायला पुढे आलं, त्याचा हात त्यांनी बाजूला केला. बाहेरच्या ओट्यावर जाऊन ते पाठमोरे बसले.

उरलेली पिंपं कुणी चाखली नाहीत. गाडीवाल्यानं प्रत्येकाचा नमुना छोट्या बाटलीत घेतला, चिठ्ठी चिकटवली, म्हणाला, शहरात यंत्र आहे, आठ दिवसांत कळेल. पुढच्या वर्षीपासून तसंच करू, आबांनाही त्रास नको. हे तो हळू बोलला, पण ओट्यावर ऐकू गेलं. माणसं जाताना ओट्याजवळून जायचं टाळून मागच्या दारानं गेली. मावशी तेवढी पुढच्या दारानं आली. आबांसमोर क्षणभर थांबली, "येते," म्हणाली आणि गेली.

गाडी उताराखाली दिसेनाशी झाली तेव्हा दुपार होती. सून खोलीतून बादली घेऊन बाहेर आली. आबा पेट्यांकडे तोंड करून बसले होते. माश्या परागानं भरल्या पायांनी दारांशी उतरत होत्या, एकावर एक.

"कधीपासून, आबा?"

"ताप उतरला त्या दिवसापासून." मग ते म्हणाले, "येईल वाटलं होतं. रोज सकाळी बघायचो."

ती त्यांच्याजवळ पायरीवर बसली. तिच्या हाताला अजून खडू होता.

"वहिनींचा कसा होता?"

तिला नीट सांगायचं होतं. "आधी गोड. मग कडू, पण वाईट नाही, ओली साल चावल्यासारखा. शेवटी गार."

आबांचे ओठ हलत होते. "गार कुठे? जिभेच्या टोकाला की मागे?"

"मागे. घशाशी."

"कड्याखालचं जंगल," ते म्हणाले. "तिकडची झाडं कित्येक वर्षं फुलली नव्हती. वहिनींच्या माश्या तिथवर गेल्या म्हणजे." त्यांनी मांडीवर तळवे घासले. "आणि मी म्हटलं जळलाय."

तिनं बोटांवरचा खडू पदराला पुसला.

"आपल्या किती मेल्या?"

"एकही नाही. बाराही आहेत."

"आणि पाक घातला नसतास तर?"

"सात-आठ गेल्या असत्या. कदाचित सगळ्या."

आबांनी बारा पेट्यांवरून नजर फिरवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बराच वेळ लागला त्यांना.

"मी हिंडता-फिरता असतो," ते म्हणाले, "तर मरू दिल्या असत्या."

सून उठली. खोलीत फरशीवर पिंपांच्या खुणा चिकट झाल्या होत्या आणि मुंग्यांची रांग दारातून आत वळली होती. तिनं बादलीत फडकं बुडवलं, पिळलं आणि पहिल्या नंबराच्या जागेपासून पुसायला सुरुवात केली.